वीत-वीत वाढलेला स्कार्फ

उसाला तुरे फुटले की माझी बोटं शिवशिवायला लागतात. बाकीच्यांना थंडी आल्याचं रेडिओवरून कळतं, मला बोटांवरून. मग कपाटाच्या वरच्या फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली येतो, त्यातून सुया निघतात, पलंगाखालच्या पेटीतून लोकरीचे गुंडे निघतात, आणि बघता बघता आमच्या बैठकीच्या खोलीत पाहुण्याला टेकायला खुर्ची उरत नाही. "झाली हिची लाकूप सुरू," असं माझा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. लाकूप म्हणजे ऊसतोडणी. जूनपासून, म्हणजे आमचा हिवाळा लागल्यापासून, पुढे आमचं सगळं मॉरिशस त्या एका शब्दावर चालतं. रस्ते उसाच्या गाड्यांनी अडतात, कारखान्याचा गोड करपट वास दोरीवरच्या कपड्यांत शिरतो, आणि मी कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी ठेवायचा या चिंतेत भाजी करपवते.

लोक म्हणतात, विणकामानं मन शांत होतं. होत असेल बाई. हात शांत होतात हे खरं. एकदा सुलट-उलटची लय लागली की ते आपले आपण चालत राहतात. पण मन? माझं मन तर नुसतं उड्या मारतं. निळ्यानंतर केशरी घालू का? की मध्ये दोन ओळी पांढऱ्या? ही ओळ संपली की दिसेल, पुढची संपली की अजून दिसेल, असं करता करता जेवणाची वेळ टळते. साठी उलटली तरी हा उतावळेपणा गेला नाही. तो मला एका हिवाळ्यानं लावला.

आता मी क्यूरपिपला राहते. इथे डोंगरावर धुकं असतं, भुरभुर पाऊस असतो, गळ्याला काही गुंडाळलं तर कुणी हसत नाही. पण मी विणायला शिकले ती प्लेन मान्येनला, खाली, समुद्राच्या बाजूला. तिथला हिवाळा म्हणजे पहाटे एक चादर जास्त, एवढाच. त्या गावात लोकरीचे हातमोजे विणणं म्हणजे माशाला छत्री भेट देण्यासारखं. तरी सत्तरच्या दशकातल्या त्या एका लाकूपीत आमच्या अख्ख्या वाडीनं लोकर हातात धरली होती.

कारण लीलाताई निघाली होती. माझी थोरली बहीण. इंग्लंडमध्ये नर्सिंग शिकायला तिची निवड झाली, आणि गणपतीनंतर विमान होतं. आमच्याकडे परदेशाला नाव नव्हतं, नुसतं 'ला-बा' म्हणायचं, म्हणजे तिकडे. तिकडे म्हणजे कुठे हे कुणी विचारत नसे. विमानतळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. विमान डोक्यावर आलं की आम्ही वाक्य अर्ध्यावर सोडायचो आणि ते गेलं की तिथूनच पुढे बोलायचो. इतकी विमानं पाहिली होती, पण त्यातलं एखादं आपल्या घरातलं माणूस घेऊन जाईल, हे आनंदाचं की धास्तीचं, ते ठरेना. मी सतरा वर्षांची होते. मी आपलं आनंदाचं ठरवून टाकलं.

धास्ती आईच्या वाट्याला गेली. आईच्या डोळ्यांवर पडदा येत चालला होता. जवळचं तिला हातानं कळायचं, लांबचं सगळं धूसर. आदल्या वर्षी मामाचा मुलगा ला-बा गेला तेव्हा आम्ही सगळे विमानतळाच्या गच्चीवर उभे होतो. त्या काळी प्रवासी खाली मोकळ्या मैदानातून चालत विमानापर्यंत जायचे आणि गच्चीवरून गावंच्या गावं हात हलवायची. आईनेही हलवला, पदर भिजेपर्यंत हलवला. नंतर कळलं की भाचा केव्हाच आत गेला होता आणि आई कुणा परक्या गृहस्थाला निरोप देत होती. तो गृहस्थ बिचारा परत परत वळून हात हलवत होता.

आम्ही हसलो. आई हसली नाही. तिचा स्वतःचाच एक नेम होता: जाणाऱ्याला दारात शिरेपर्यंत डोळ्यांनी पोचवलं तर तो परत येतो. भाचा तिला दिसला नव्हता, आणि त्याने तिकडेच लग्न करून घर केलं. तिच्या लेखी हिशोब साफ होता.

"मला लीला चढताना दिसाया पायजे," ती म्हणाली. "दुसरं कायबी नको. पार दरवाजात जाईपत्तूर दिसाया पायजे."

लीलाताईचा चेहरा पडला. डोळ्यांचं ऑपरेशन तेव्हा आमच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. रात्री अंथरुणावर ती मला हळूच म्हणाली, "कमळ, आईला मी दिसले नाय तर मी जायाची नाय." ती खरंच राहिली असती. तशी होती ती.

आणि मग मला सुचलं. ती कल्पना माझीच, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. आईला चेहरा दिसत नाही, पण रंग दिसतो. अंगणातला लाल जास्वंद तिला कळायचा. मग लीलाताईच्या गळ्यात असा रंगीबेरंगी स्कार्फ घालायचा की साऱ्या मैदानात तसा दुसरा नसेल. तिकडे थंडीला उपयोगी, इकडे आईला खूण. दुधात साखर.

लोकर कुठून आणायची याची काळजी नव्हती. माझी चुलतबहीण यशोदा नव्यानंच निघालेल्या स्वेटरच्या फॅक्टरीत लागली होती. लोकरीची उरलीसुरली टोकं तिथे कामाच्या बायकांना घरी न्यायला मिळत. तिनं पिशवी आणून ओतली आणि आम्ही डोक्याला हात लावला. तपकिरी, राखाडी, गडद निळा, त्याहून गडद तपकिरी. ज्यांच्यासाठी ते स्वेटर जायचे त्या लोकांना मातीचे रंग फार आवडत असावेत.

"ह्ये घालून गेली तर आईला वाटंल कुनी पोतं नेतंय," यशोदा म्हणाली.

मग सुरू झाला रंगांचा शोध. तसा शोध मी नंतर आयुष्यात कशाचाच घेतला नाही, नवऱ्याचासुद्धा नाही. माहेबुर्गच्या सोमवारच्या बाजारात एका पेटीच्या तळाशी हळदीसारखा पिवळा सापडला तेव्हा मी तिथेच नाचले. लाल मिळाला शेजारच्या मादाम मारी-अँजच्या भाच्याच्या जुन्या स्वेटरातून. तो आम्ही उसवला आणि कुरळी झालेली लोकर ओली करून, दगड बांधून ताणून वाळवली. पोपटी आला कुणाच्या तरी बाळाच्या टोपीतून. केशरी मिळेना, मिळेना, आणि एक दिवस यशोदा फॅक्टरीतून धावत आली. हातात मुठीएवढा गुंडा, भडक केशरी, कुठल्याशा नमुन्यापुरता आलेला. बसथांब्यापासून घरापर्यंत धावताना तिच्या चपला तुटल्या होत्या आणि तिला पत्ताच नव्हता.

शिकवलं मारी-अँजनं. ती लहानपणी नन्सच्या शाळेत विणायला शिकली होती. सुया बाबांनी केल्या, सायकलच्या आऱ्यांच्या, टोकं दगडावर घासून. मी पहिले टाके इतके घट्ट घातले की सुई निघेना. "पा सेरे, तिफी," ती म्हणायची. आवळू नको, पोरी. तिचं ते वाक्य आजही माझ्या तोंडी आहे, फक्त आता ते मी पीठ मळणाऱ्या सुनेला म्हणते.

इथपर्यंत सगळं मापात होतं. बेत चार हात लांबीचा, सहा रंग, विणणाऱ्या मी आणि यशोदा. मग पारूकाकूंना कळलं.

पारूकाकू म्हणजे आमच्या देवळातल्या बायकांच्या पुढारी. भजनात पहिला सूर त्यांचा, प्रसादात पहिला शब्द त्यांचा. त्या अंगणात आल्या, सुईवरचं वीतभर विणकाम उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरगी घरातनं जातीया. तिची ओटी एकल्या घरानं भरायची व्हय? ह्यात माझी एक वीत घाला."

आता ओटीला नाही कुणी म्हणायचं? लेक परगावी निघाली की घराघरातून तिची ओटी भरायची ही आमची रीत, आजे-पणजे कोकणातून घेऊन आले ती. तांदूळ, नारळ, खण. पण नारळ विमानातून किती नेणार? तेव्हा काकूंनी निकाल दिला की यंदा ओटी लोकरीची, प्रत्येक घराची एक वीत. संध्याकाळी स्कार्फ एका घरी जायचा, दुसऱ्या संध्याकाळी पुढच्या. ज्यांना विणता येत नव्हतं त्या बायका मारी-अँजच्या पायरीवर शिकायला बसू लागल्या. देवळाच्या ओसरीवर भजन चालू असे आणि टाळांच्या मध्ये सुयांची टिकटिक.

काय दिवस होते ते! मी रोज त्या स्कार्फमागे घरोघर हिंडत असे. आज कुणी काय घातलं, रंग कुठला निवडला, हे पाहिल्याशिवाय झोप यायची नाही. माणूस टाक्यांत दिसतं हे मला तेव्हा कळलं. पारूकाकूंची वीत ताठ आणि घट्ट, पाणी झिरपणार नाही अशी. यशोदाची सैल, मध्येच एक टाका गळालेला, तिच्यासारखीच. कुणी आपल्या वितीमध्ये स्वस्तिक काढायला गेली आणि ते खेकड्यासारखं झालं. मारी-अँजने स्वतःहून एक निळी पट्टी घातली आणि म्हणाली, माझंही घर या रस्त्यावर आहेच ना. मग कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या बायकोला वाईट वाटायला नको. मग बाबांच्या कारखान्यातल्या सोबत्यांच्या बायका. वीत तरी सगळ्यांची सारखी कुठे? प्रत्येकीला वाटे, आपली ओटी तोकडी दिसू नये. दीड वीत, दोन वीत.

स्कार्फ वाढत गेला. गुडघ्याला लागला, जमिनीला लागला, घडी घालून पिशवीत मावेना. थांबा म्हणायचं धाडस कुणात? ओटी भरणाऱ्या बाईला 'पुरे झालं' म्हणून परत लावायचं? बाबा एके दिवशी कामावरून आले, ओसरीभर पसरलेल्या त्या रंगांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "ह्ये मारुतीचं शेपूट कवा थांबनार हाय? लंका तिकडंच हाय म्हनावं, पर पेटवू नका."

मी तोवर हातमोजेही विणायला घेतले होते. अंगठा वेगळा आणि बाकीची बोटं एकत्र असे, लाल-पिवळे. त्यात मी एक फार शहाणपणा केला. आईनं बजावलं होतं की लीलानं रिकाम्या हातानं जायचं नाही, बांगड्या काढायच्या नाहीत. म्हणून मी मोज्यांची मनगटं बांगड्या आरामात मावतील एवढी ऐसपैस विणली. थंडी नावाची वस्तू वाऱ्यावर बसून बाहीतून आत शिरते, हे त्या गावात कुणाला ठाऊक असणार? सगळ्यांनी मोजे घालून पाहिले, बांगड्या खुळखुळवून पाहिल्या आणि म्हणाले, कोरेक. एकदम झकास.

गणपती आले. मातीची मूर्ती, आरत्या, मोदक, झाकरीच्या नाचात घामाघूम झालेली मुलं. विसर्जन झालं आणि घर एकदम रिकामं वाटू लागलं. त्या दुपारी आईनं स्कार्फ मागितला.

"समद्यांनी घातलं. माझी वीत कुठं हाय?"

तिला टाका दिसणार नव्हता. ती म्हणाली, "डोळं गेलं, बोटं हायत." तिनं विचारलं, कुठला रंग उरला आहे. पिवळा उरला होता. मी तिच्या हातात सुया दिल्या आणि तिनं दारात बसून, नजर कुठेतरी लांब लावून, चाचपडत चाचपडत आपली वीत घातली. लीलाताई तिच्या पाठीला टेकून बसली होती. वर विमान आलं, गेलं. आईचा हात थांबला नाही. तिचा पट्टा एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद झाला. टाके बंद मी केले आणि मारुतीचं शेपूट एकदाचं संपलं.

निघायच्या दिवशी वाडीतले सगळे विमानतळावर. लीलाताईनं स्कार्फ गळ्याभोवती गुंडाळला, पुन्हा गुंडाळला, आणखी एकदा गुंडाळला, तरी दोन्ही टोकं गुडघ्यांशी. ऊन चांगलं होतं आणि ती घामानं निथळत होती. बाकीचे प्रवासी बघत होते. ती पाया पडली, सगळ्यांच्या पडली, आणि काचेच्या दारातून आत गेली.

आम्ही आईला गच्चीवर कठड्याशी उभं केलं. खाली लोक बाहेर पडू लागले, एकामागून एक. आणि मग दिसली लीलाताई. मला तर दिसलीच. अहो, आंधळ्यालाही दिसावी अशी होती ती. पण आई?

"आई, ती बघ. ती बघ पिवळी, लाल."

"कुठं गो?" आई कठड्यावरून वाकली. "कुठं? मला समदं येकच दिसतंय."

चमकदार उन्हात सगळं मैदान पांढरं झालं होतं. रंग आम्हाला दिसत होते. तिला नव्हते. लीलाताई चालत होती, मागे वळून वळून पाहत होती, आणि आई भलत्याच बाजूला तोंड करून उभी होती. पारूकाकू तिचं डोकं धरून वळवत होत्या. "तिकडं वो, तिकडं." लीलाताई पायऱ्यांशी पोचली. चढू लागली. मी मनात म्हटलं, गेलं. सगळं गेलं.

आणि तेवढ्यात वारा आला. प्लेन मान्येनचा वारा तुम्हाला ठाऊक नाही. हिवाळ्यात तो समुद्रावरून येतो तो तडक, मध्ये काही न अडता. त्यानं स्कार्फचं एक टोक उचललं. लीलाताईनं ते पकडायला हात वर केला, तर दुसरं टोक सुटलं. वेढे उलगडले. अख्खी वाडी, साऱ्या विती, विमानाच्या जिन्यावर उभ्या राहिल्या आणि फडफडायला लागल्या. लीलाताई एका हातानं ओढतेय, दुसऱ्या हातानं ओढतेय, मागचा माणूस तोंडावरून लोकर बाजूला सारतोय, वरून हवाई सुंदरी खाली धावतेय, रांग अडलेली. हसून आमची मुरकुंडी वळली.

"दिसली," आई म्हणाली.

आम्ही हसायचं थांबलो.

"दिसली गो. ती बघ, दिसली." तिचं बोट बरोबर तिथेच होतं. "जिन्यावर हाय. ती बघ वर चालली. आता दरवाजात गेली." आणि खरंच, शेवटचं टोक आत ओढलं गेलं तेव्हाच तिनं हात खाली घेतला. मग पारूकाकूंच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली, आणि आम्ही सगळ्याच रडलो. परतीच्या वाटेवर मात्र ती अशा ताठ मानेनं चालली की जणू विमान तिनंच उडवलं होतं.

मोज्यांचं पुढे काय झालं ते लीलाताईनं नंतर सांगितलं. बाहीतून असा गारठा शिरायचा की बोटं बधिर व्हायची. तिनं मनगटाला रिबिनी बांधल्या. वॉर्डात बांगड्या चालत नसत. पण सुट्टीच्या दिवशी ती बांगड्या भरायची, वरून मोजे चढवायची आणि रस्त्यानं चालताना आतून किणकिण ऐकायची. तेवढ्यासाठी तिनं ते कधी उसवले नाहीत.

ती परत आली ती ऐंशीच्या दशकात, पुन्हा लाकूपीच्याच दिवसांत. तोवर तिनं पाठवलेल्या पैशांत आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. आई जाड चष्मा लावून सगळ्या जगाच्या चुका काढत फिरत होती. लीलाताईनं बॅग उघडली आणि स्कार्फ पलंगावर टाकला. आईनं तो टोकापासून टोकापर्यंत हातावर घेत घेत पाहिला.

"अगो बाय, किती भडक ह्ये! आनि ह्यो वाकडा पट्टा कुनी घातला?"

"तुजाच त्यो," मी म्हटलं.

ती चष्मा सावरत पाहत राहिली. मग म्हणाली, "रंग काय मला दिसलं नव्हतं त्या दिवशी. नुस्तं येक हलताना दिसलं. बाकीची मानसं हात हलवायची, दोनदा, तीनदा, नि आत जायची. माझी लीला मातूर हलवतच व्हती, हलवतच व्हती. तवाच वळखली मी. म्हटलं, येवढा येळ आईसाठनं कोन थांबनार?"

लीलाताईनं माझ्याकडे पाहिलं. मी लीलाताईकडे पाहिलं. त्या दिवशी ती हात हलवत नव्हतीच; ती बिचारी त्या शेपटाशी कुस्ती खेळत होती.

"व्हय आई," ती म्हणाली. "तुलाच हलवत व्हते."

सुट्टी संपली. पुन्हा विमानतळ, पुन्हा तीच गच्ची, पुन्हा सगळी वाडी. या वेळी आई कुणाचा हात न धरता कठड्याशी उभी राहिली. लीलाताई पायऱ्या चढली, वरच्या पायरीवर थांबली, गळ्यातला स्कार्फ सोडला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हलवला. खरोखर हलवला, मनापासून, मागच्या लोकांना खोळंबून ठेवून, हात दुखेपर्यंत. मी गच्चीवर उड्या मारत होते. मग ती आत गेली आणि दार बंद झालं.

आईनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा नाकावर चढवला आणि वळली.

"मागल्या खेपेला," ती म्हणाली, "जास्त येळ हलवला व्हता."